बूट फाटला की अ‍ॅक्सल जातो

तूर काढून झालेल्या रानातून मोटार घालू नये, हे अक्कलकोट किंवा बार्शीकडच्या शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. कोयत्यानं तिरकं कापलेलं तुरीचं धसकट वाळलं की इतकं टणक होतं, की ट्रॅक्टरवालासुद्धा चाक जपून घालतो. टायर पंक्चर झाला तर निदान तिथल्या तिथं कळतं. पण तेच धसकट चाकाच्या आतल्या अंगाला असलेल्या, घड्याघड्यांच्या रबरी कव्हरात घुसलं तर त्या दिवशी काहीच होत नाही. गाडी रस्त्याला लागते, सोलापुरात येते, पुण्याला जाऊनही येते. मग कधीतरी स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी बाहेर काढताना पुढच्या चाकातून कट-कट-कट आवाज सुरू होतो. मेकॅनिक खाली वाकतो, टॉर्च मारतो आणि सांगतो, अ‍ॅक्सल गेला.

आधी गेलेला असतो तो बूट. त्या रबरी कव्हराला गॅरेजमध्ये बूट म्हणतात. तो फाटला की आतलं ग्रीस चाकाच्या फिरण्यानं बाहेर फेकलं जातं आणि त्या जागी धूळ, चिखल, पाणी शिरतं. आपल्याकडच्या काळ्या मातीत ओलाव्यानं फुगणारी चिकट चिकणमाती असते, तिच्यासोबत बारीक कच असते. उरलेल्या ग्रीसमध्ये ती कालवली गेली की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं मिश्रण तयार होतं आणि ते पोलादाला सावकाश खात बसतं. काही शेकड्यांत मिळणाऱ्या रबरामुळे हजारोंचा शाफ्ट, म्हणजे तो अ‍ॅक्सल, भंगारात जातो. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या तापमानात रबर तसंही लवकर कडक होऊन तडकतं, त्यामुळे रानात कधीच न गेलेल्या शहरी गाडीलाही यातून सुटका नाही.

हा शाफ्ट घरच्या घरी बदलता येतो का? येतो. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीचाही येतो. मात्र त्यासाठी तो तिथे नेमकं काय करतो हे आधी नीट समजून घ्यावं लागतं. पाने आणि जॅक नंतर.

पुढच्या चाकाच्या शाफ्टवर दोन कामं लादलेली असतात. त्यानं इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचवायची आणि ती पोचवत असतानाच चाकाबरोबर वर-खाली व्हायचं, डावी-उजवीकडे वळायचं. सरळ दांडा हे करू शकत नाही, मध्ये सांधा हवा. जुना सांधा म्हणजे ट्रकच्या खाली प्रोपेलर शाफ्टला दिसतो तो क्रॉस. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकनं त्याचा अभ्यास केला म्हणून त्याचं नावही त्याला चिकटलं आहे. पण क्रॉसला एक खोड आहे. दोन दांडे 30 अंशांच्या कोनात असतील आणि एक दांडा अगदी सारख्या वेगानं फिरत असेल, तरी दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे 13 टक्के मंदावतो आणि दोनदा सुमारे 15 टक्के धावतो. प्रोपेलर शाफ्टमध्ये कोन लहान असतो आणि दोन क्रॉस एकमेकांची चूक फेडतात, म्हणून चालून जातं. वळलेल्या पुढच्या चाकात हा हिसका थेट स्टिअरिंगवर, म्हणजे तुमच्या मनगटात येईल.

यावर 1920च्या दशकात दोन उत्तरं निघाली. फ्रान्समध्ये झाँ-अल्बेर ग्रेग्वार आणि पिएर फेनाय यांनी 1926 साली ट्रॅक्टा नावाचा सांधा आणला. त्याच सुमारास अमेरिकेत आल्फ्रेड झेप्पा या फोर्डमधल्या अभियंत्यानं सहा पोलादी गोळ्यांचा सांधा काढला. आज आपल्या मोटारीच्या चाकाकडच्या टोकाला असतो तो झेप्पाचाच वंशज. एक वाटी, तिच्या आत एक गाभा, दोघांवर वक्र खाचा, आणि त्या खाचांमधून सरकणारे सहा गोळे. गोळ्यांना एका जाळीदार कड्यात धरून ठेवलेलं असतं. शाफ्ट कितीही वळला तरी हे कडं सगळ्या गोळ्यांना दोन दांड्यांमधल्या कोनाच्या बरोब्बर मध्यावर ठेवतं. ताकद नेहमी मध्यातूनच पलीकडे जाते, म्हणून वेग कमी-जास्त होत नाही. सुमारे 45 अंशांपर्यंत हा सांधा बिनतक्रार वळतो. गिअरबॉक्सकडचा आतला सांधा वेगळा असतो. त्याला बहुधा तीन रोलर असतात आणि तो वळण्याबरोबर आत-बाहेर सरकतोही, कारण चाक वर-खाली होताना शाफ्टला लागणारी लांबी बदलते.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये चार वेगवेगळ्या बनावटीचे सांधे बसवले गेले: बेंडिक्स, झेप्पा, स्पायसर आणि ट्रॅक्टा. कारखान्यांत जे मिळेल ते, असा तो काळ होता. ही जीप पुढे महिंद्रानं मुंबईत माझगावला जोडायला घेतली, आणि महाराष्ट्रातल्या मेकॅनिकांचा पुढच्या अ‍ॅक्सलशी परिचय झाला तो बराचसा तिथून. शहरी गाड्यांना मात्र हा सांधा माहीत नव्हता. अ‍ॅम्बेसेडर आणि कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी मागच्या चाकांवर चालायच्या. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, पुढच्या चाकांवर चालणारी, आणि गावोगावच्या गॅरेजांना बूट, सीव्ही जॉईंट (म्हणजे हाच सारख्या वेगाचा सांधा), हब नट हे शब्द शिकावे लागले.

जीप किंवा जिप्सीत पुढचा अ‍ॅक्सल म्हणजे एक आख्खी लोखंडी नळी, तिच्या पोटात शाफ्ट, आणि टोकाला वळणारा सांधा जाड ओतीव गोळ्यात बंद. तिथे उघडा रबरी बूट नाही, त्यामुळे फाटायचीही भीती नाही. पण ते काम वेगळं आहे, त्यात नकलचे (चाकाबरोबर वळणाऱ्या ओतीव भागाचे) बेअरिंग आणि त्यांच्या पातळ पत्र्यांचा हिशेब येतो, आणि ते या लेखात नको. इथे आपण बोलतोय ते 2014 साली आलेली ऑल-व्हील-ड्राइव्ह डस्टर, एक्सयूव्ही 500, रांजणगावला बनणारी जीप कंपास, अशा गाड्यांबद्दल. यांत इंजिन आडवं बसतं, त्याला चिकटून गिअरबॉक्स, तिथून डावीकडे-उजवीकडे एकेक उघडा शाफ्ट. मागच्या चाकांना ताकद न्यायला गिअरबॉक्सच्या बाजूला एक छोटी ट्रान्स्फर पेटी असते, तिथून प्रोपेलर शाफ्ट मागे जातो आणि मागच्या डिफरन्शियलपाशी एक विजेवर चालणारा क्लच गरजेप्रमाणे मागची चाकं जोडतो. एका बाजूचा पुढचा शाफ्ट बहुतेक वेळा या ट्रान्स्फर पेटीतून आरपार जातो. दोन्ही बाजूंचं काम त्यामुळे सारखं नसतं.

निदान आधी नक्की करा. पूर्ण वळणावर अ‍ॅक्सिलरेटर देताना कटकट आली तर बाहेरचा सांधा. सरळ रस्त्यावर वेग घेताना गाडी थरथरते आणि पाय सोडला की थांबते, तर आतला. चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर आणि सस्पेन्शनवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे असतील तर बूट नुकताच फाटलाय. आवाज अजून नसेल तर शाफ्ट बदलायची गरज नाही. जॉईंट उघडून, धुऊन, नवं ग्रीस भरून, नवा बूट चढवला तरी भागतं. चाकाचा बेअरिंग गेला की घुंऽऽ असा सलग आवाज येतो, तो वेगळा. तो ऐकून अ‍ॅक्सल बदलणारेही असतात.

इथे एक सांगून ठेवतो. एकदा गोळ्यांच्या खाचांत खड्डे पडले की तो सांधा संपला. आपल्याकडे झिजलेली कुठलीही वस्तू वेल्डिंगनं भरून लेथवर उतरवून घ्यायची सवय आहे, आणि सोलापुरात लेथवर हात बसलेल्या माणसांची वाण नाही. 1992 साली सुरू झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचे कारखाने इथेच आहेत आणि त्यांचे कॅमशाफ्ट देशोदेशीच्या इंजिनांत फिरतात. पण त्याच कारखान्यातला माणूस तुम्हाला सांगेल की अशा भागांचं बळ पृष्ठभागाच्या कडक थरात असतं. तो थर ठरावीक उष्णता देऊन बनवलेला असतो. वेल्डिंगच्या तापानं त्याचा कडकपणा जातो. भरलेला सीव्ही जॉईंट काही दिवस चालेल, मग भर रस्त्यात निखळेल.

नवा शाफ्ट घेताना चार गोष्टी जुन्याशी ताडून बघा: लांबी, दोन्ही टोकांचे दाते, आतल्या टोकाच्या लॉकची जागा आणि बाहेरच्या टोकावर एबीएसची दातेरी कडी आहे की नाही. कडीचे दाते चुकले की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि ऑल-व्हील-ड्राइव्ह स्वतःला बंद करून घेतो, कारण चारही चाकांचे वेग तो याच दात्यांवरून वाचतो. गाडीच्या चासी नंबरावरून पार्ट मागवणं सर्वांत बरं. साध्या डस्टरचा शाफ्ट ऑल-व्हील-ड्राइव्हला चालेल असं दुकानदारानं कितीही सांगितलं तरी मोजून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता जागा. सोलापुरी घरांच्या अंगणात शहाबादी फरशी असते, नाहीतर सरळ काळी माती. दोन्ही वाईट. जॅकचं टोकदार ओझं शहाबादीवर पडलं की फरशी तडकते, आणि काळ्या मातीत स्टँड सरळ खाली जातो, पावसाळ्यात तर बघायलाच नको. सिमेंट काँक्रीट नसेल तर जॅक आणि स्टँडखाली जाड सागवानी किंवा बाभळीची फळी घाला, निदान दोन इंचांची. विटा अजिबात नकोत, वीट सांगून फुटत नाही. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका, डोकं तर नाहीच.

यानंतरची गोष्ट ऑल-व्हील-ड्राइव्हवाल्यांनी दोनदा वाचावी. गाडी पहिल्या गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवली की ती जागची हलत नाही, अशी आपली समजूत असते. एक पुढचा शाफ्ट बाहेर काढला की हा भरवसा संपला. डिफरन्शियलमध्ये एक बाजू मोकळी झाली की दुसरं चाकही मोकळं फिरतं, गिअर कितीही घातलेला असो. मागची चाकं तर इंजिन बंद असताना त्या क्लचमुळे सुटलेलीच असतात. म्हणजे उतारावरची गाडी धरून ठेवायला फक्त हँडब्रेक उरतो. म्हणून हँडब्रेक ओढाच, वर मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. दुसरं, पुढचं चाक उचललेलं असताना 'जरा फिरवून बघू' म्हणून इंजिन चालू करू नका. पुढचं चाक हवेत फिरतंय असं कळलं की यंत्रणा मागच्या चाकांना ताकद पाठवते, आणि ती जमिनीवर आहेत. गाडी स्टँडवरून उडी मारेल.

कामाचा सगळ्यात जड भाग म्हणजे हबचा मधला मोठा नट. तो 30 किंवा 32 चा असतो, काहींना 36 ची गोटी लागते. बहुतेक गाड्यांत तो 200 ते 300 न्यूटन-मीटरनं आवळलेला असतो. 250 धरला तर एक मीटर लांब पाइपच्या टोकाला सुमारे 25 किलोचा जोर. नव्या नटाची ही गोष्ट. गंजलेला जुना नट याच्या दुप्पट मागतो. म्हणून त्याची पहिली ढील गाडी जमिनीवर असतानाच द्यायची, कुणाला तरी ब्रेकवर पाय ठेवायला सांगून. आधी त्याची खाचेत दाबलेली कड छिन्नीनं उचला किंवा पिन काढा, नाहीतर शाफ्टचे आटे जातील. आदल्या रात्री गंज सैल करणारं तेल मारून ठेवलं तर बरंच सोपं जातं. मग गाडी उचला, स्टँडवर घ्या, हलवून बघा, आणि मगच चाक काढा.

पुढचं काम म्हणजे शाफ्टला बाहेर यायला जागा करून देणं. लोअर आर्मचा बॉल जॉईंट सोडला की नकल बाहेरच्या बाजूला झुकते. बॉल जॉईंटवर सरळ हातोडा घालू नये. नकलच्या ज्या डोळ्यात तो बसलाय त्याच्या बाजूवर दोन दणके दिले की तो स्वतःहून सुटतो. एबीएसची वायर आणि ब्रेकचा होस ताणला जात नाही ना, हे दर वेळी बघा. कॅलिपर काढलाच तर तारेनं वर बांधा, होसवर लोंबकळत ठेवू नका. शाफ्टचं बाहेरचं टोक हबमधून ढकलताना जुना नट टोकाशी सपाट लावून ठेवा आणि मध्ये लाकूड धरून ठोका, म्हणजे आटे चेपत नाहीत.

आतलं टोक निघताना लोक चुकतात. ते एका गोल लॉकनं गिअरबॉक्समध्ये अडकलेलं असतं, आणि माणूस साहजिकच शाफ्टला धरून ओढतो. ओढल्यानं आतला रोलरचा सांधा सुटून हातात येतो आणि लॉक तिथेच राहतं. त्याऐवजी सांध्याच्या बाहेरच्या वाटीमागे छोटी पहार घालून एक झटका द्यायचा. टक् असा आवाज आला की निघाला. काही गाड्यांत, विशेषतः स्कोडा यतीसारख्या, आतला सांधा बोल्टांनी फ्लँजला जोडलेला असतो, तिथे पहारीची गरज नाही, पण बारा कोनांचा खास बिट लागतो. शाफ्ट निघाला की गिअर ऑइल वाहणार. म्हणून आधीच ऑइल उतरवून ठेवा, आणि त्याहून आधी ऑइल भरायचा वरचा प्लग उघडतो की नाही ते बघा. तो गंजून बसलेला असेल तर ऑइल काढून गाडी अंगणातच अडकेल. जो शाफ्ट ट्रान्स्फर पेटीतून जातो त्याच्या बाजूला पेटीचं ऑइलही तपासावं लागतं. ते गिअरबॉक्सपेक्षा वेगळं, दाट, आणि अगदी थोडं असतं. नेमकी ग्रेड गाडीच्या पुस्तकात दिलेली असते, अंदाजानं भरू नका. काढलेलं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुडाशी ओतू नका. जुनं ऑइल घेणारे गॅरेजला येतात, त्यांना द्या.

बसवताना घाई करण्यासारखं काही नाही. ऑइल सील नवा घाला, त्याच्या ओठाला बोटानं थोडं ग्रीस लावा, आणि शाफ्ट सरळ मधोमध धरून आत न्या, कारण दात्यांनी सील कापला की आठवड्यात ऑइल गळू लागतं. शेवटी आतून परत तो टक् आवाज आला पाहिजे. मग सांध्याच्या वाटीला धरून हलकं ओढून बघा. बाहेर येत नसेल तर लॉक बसलं. हबचा नट नवाच हवा, जुना परत वापरायचा नसतो. आणि त्याचं शेवटचं आवळणं चाकावर वजन येण्याआधी, कुणाला तरी ब्रेक दाबायला लावून, टॉर्क पान्यानं करायचं. चाकाचा बेअरिंग त्याच नटाच्या दाबानं एकत्र धरलेला असतो. तो दाब नसताना गाडी जमिनीवर टेकवली किंवा ढकलली तर नवा शाफ्ट बसवून जुना बेअरिंग घालवाल. टॉर्क पाना विकत घ्यायची तयारी नसेल तर एका दिवसासाठी मागून आणा. 'हातानं कळतं' म्हणणारे अनुभवी असतात हे मान्य, पण हबच्या नटाच्या बाबतीत मी त्यांचं ऐकणार नाही.

ऑल-व्हील-ड्राइव्हचं शेवटचं दुखणं टायरमध्ये असतं. डस्टरच्या 16 इंची चाकाचा घेर टायरसह सव्वादोन मीटरहून जरासा कमी. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर धरले तर एक चाक सुमारे 1 लाख 16 हजार वेळा फिरतं. पुढे नवे टायर आणि मागे गुळगुळीत झालेले असतील, तर नक्षीच्या 6 मिलिमीटरच्या फरकानं मागची चाकं त्याच प्रवासात जवळपास 2 हजार फेरे जास्त फिरतात. हा फरक कुणीतरी झेलायचा असतो, आणि तो झेलतो मागच्या डिफरन्शियलपाशी असलेला क्लच, घसरून आणि तापून. अ‍ॅक्सल बदलताना एका बाजूला नवा टायर घालून मोकळं होणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण एकाच झिजेचे हवेत.

हे सगळं गॅरेजपेक्षा स्वस्त पडतं का? पहिल्यांदा नाही. मोठी गोटी, लांब दांडा, दोन चांगले स्टँड आणि टॉर्क पाना यांतच मजुरीचे पैसे निघून जातात. पण अवजारं राहतात, आणि सील नवा घातला की जुनाच ठेवला, नट बदलला की तसाच आवळला, हे तुम्हाला नक्की माहीत असतं. नट निघतच नसेल, नकल गंजून जाम असेल किंवा गाडी वॉरंटीत असेल, तर मात्र हट्ट सोडा आणि गाडी गॅरेजला द्या, अर्धवट खोललेल्या अवस्थेत न्यायची वेळ येण्याआधी.

काम झाल्यावर थोडं अंतर चालवून चाकाचे नट एकदा परत तपासा, बोल्ट काढताना चाकाचा कोन हलला असेल तर अलाइनमेंट करून घ्या, आणि इथून पुढे दर वेळी इंजिन ऑइल बदलताना स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून चारही बुटांच्या घड्यांमध्ये टॉर्च मारून बघत चला. त्याला दोन मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत.